हळद लागलेली मतं

लोकप्रिय ड्रायव्हर! मला विचाराल तर हे बक्षीस म्हणजे गणितात नापास झालेल्या पोराला ‘वर्गात स्वच्छ येतो’ म्हणून पेन देण्यातला प्रकार. शर्यत म्हणजे शर्यत. जो पुढे तो पुढे, मागचे सगळे प्रेक्षक. लोकांना कोण आवडतं याचा आणि इंजिनाचा काय संबंध? हे मी आमच्या क्लबाच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं, आणि तेही दोनदा. कुणी ऐकलं नाही. माझं कधीच कुणी ऐकत नाही, पण पैसे मागायला मात्र सगळे आधी माझ्याच दुकानात येतात.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, ‘देवरुख ऑटो’. गावाच्या बाहेर समुद्राकडे गेलं की मिठाची टणक, सपाट जमीन लागते. तिला इथे सबखा म्हणतात. थंडीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी तिथे जुन्या सलून, म्हणजे डिकीवाल्या, गाड्यांची शर्यत व्हायची. गॅरेजवाले, टॅक्सीवाले, दोन-चार हौशी लोकल पोरं, असा सगळा मामला. तिकीट नाही. गेटवर प्रत्येक प्रेक्षकाला सीझनमध्ये एक कूपन मिळायचं. त्यावर आवडत्या गाडीचा नंबर लिहून पेटीत टाकायचं. शेवटच्या शर्यतीत वीसच गाड्या घ्यायच्या, एकोणीस पॉइंटांवर आणि विसावी लोकांच्या मतांवर, असा नियम त्या वर्षी निघाला. वर एक कप. तो मीच देणार होतो, पंचवीस दिरहॅमचा, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे रुपये.

चौतीस नंबरच्या गाडीवर माझ्या दुकानाचं नाव होतं. ती चालवायचा खैरुद्दीन. शेजारच्या गॅरेजचा फोरमन, रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा, म्हणजे माझा जवळजवळ गाववालाच. हात असा, की बंद पडलेलं इंजिन नुसतं बॉनेटवर कान ठेवून सांगेल काय दुखतंय. गाडीही फक्कड तयार केलेली. पण अकरा वर्षांत हा माणूस एकदाही पहिल्या दहात आला नाही. का, तर वाटेत थांबायचा. शर्यतीत, हो! कुणाची गाडी मऊ वाळूत रुतली, कुणाच्या इंजिनातून वाफ निघाली, की याने ब्रेक मारलाच. डिकीत दोरखंड घेऊनच फिरायचा. रुतलेल्याला ओढून काढायचा, कपाळावरचा घाम पुसायचा आणि मग सावकाश शेवटचा यायचा. मी चिडायचो. कुमुद, म्हणजे आमची ही, म्हणायची, “अहो, चिडता कशाला? बाकीच्यांच्या गाड्या सुसाट जातात. आपलीच तेवढी उभी असते, दुकानाचं नाव लोकांना वाचता तरी येतं.”

त्या वर्षी फेब्रुवारीत खैरुद्दीनची बायको झुबेदा व्हिजिटवर आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हा दोन वर्षांतून एकदा गावी जायचा, बाकी सगळा संसार फोनवर. ती आली त्याच आठवड्यात याचा गिअरबॉक्स गेला, एक शर्यत हुकली. पुढची सीझनची शेवटची, मार्चच्या पहिल्या शुक्रवारी. रविवारी तिचं विमान. आणि पॉइंटांच्या यादीत आमचे महाशय सत्ताविसावे.

एरवी कधी काही मागत नाही तो माणूस, त्या दिवशी दुकानात येऊन काउंटरवर हात टेकून उभा राहिला.

“शेठ, अकरा वर्षं फोनवर सांगतोय तिला, की इथे माझी गाडी निघाली की लोक माझं नाव घेतात. ती ‘बरं बरं’ म्हणते. पोराला म्हणतात ना, तसं. एकदा तिला बघू दे. मग गाडी विकली तरी चालेल.”

मी म्हटलं, पहिल्या दहात आला असतास तर ही वेळ आली नसती. बोलून गेलो आणि मग वाईट वाटलं. पण बोललो ते खरंच होतं.

ही गोष्ट मी घरी सांगितली आणि कुमुदने पदर खोचला. तिचा डब्यांचा धंदा. लेबर कॅम्पांत, गॅरेजांत, पोर्टवर मिळून सव्वाशे डबे रोज जायचे. मराठी, मल्याळी, बंगाली, पठाण, सगळे तिची आमटी खायचे आणि सगळे तिला मावशी म्हणायचे. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, साखरेची चिमूट तरी घालून द्यायची. कुमुदने ही रीत त्या एकट्या राहणाऱ्या माणसांना लावली होती. लावली म्हणजे काय, पहिल्याच वर्षी एकाला म्हणाली, “रिकामा डबा काय पाठवतोस, मी काय परकी आहे?” झालं! तेव्हापासून डब्यांतून काहीबाही यायचं. लिंबू, दोन खजूर, गोळी, कुणाच्या मुलीचा फोटो बघायला, कधी नुसती चिठ्ठी, ‘मावशी आज मीठ कम’. आलेल्या प्रत्येक वस्तूवर ती डब्याचा नंबर पेन्सिलीने लिहायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात एक वडी जास्त टाकता यायची. डब्यावर आणि झाकणावर ऑइलपेंटने नंबर रंगवलेले असत.

तर तिने निरोप धाडला, शर्यतीचं कूपन ज्याच्याकडे पडून असेल त्याने मनात येईल तो नंबर लिहून डब्यात टाकावं, आम्ही पेटीत पोचवू. हे बेकायदा नव्हतं. कॅम्पातली माणसं पहाटे जातात, अंधार पडल्यावर येतात, पेटीपर्यंत कोण जाणार? मत ज्याचं त्याचं, आमचा डबा फक्त पोस्टमन. कुणाला मत द्या हे तिने सांगितलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. सांगितलं असतं तरी मला काय फरक पडणार होता म्हणा, मी तर हा सगळा पोरखेळच समजत होतो.

आमची पर्णिका, तेव्हा तेरा वर्षांची, माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, यू आर जस्ट जेलस ऑफ खैरू अंकल.” मी म्हटलं, मराठीत बोल. ती म्हणाली, “ओके, जेलस आहात.”

बुधवारपर्यंत कूपनं आली, एकशे बारा. एकूण एक चौतीस नंबर. काही मल्याळीत, काही उर्दूत, एकाने तर नुसता गाडीला बांधलेला दोर काढला होता. मी ती दुकानातल्या टेबलावर मांडली आणि बघतच बसलो. दोनदा मोजली. पहिल्या नंबराचे कप मी पुष्कळांना दिले आहेत, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

फक्त एक घाण झाली होती. डबे कुणी घासून पाठवत नाही, नुसते विसळतात. त्यामुळे प्रत्येक कूपनावर हळदीचा पिवळा डाग आणि आमटीचा वास. असली मतं क्लबात न्यायची म्हणजे लाज. मला स्वच्छतेची आवड आहे, हा माझा दोष म्हणा. कुमुद स्वयंपाकात, मी दुकानात एकटा. बादलीत कपड्यांची पावडर कालवली, स्पंज घेतला आणि एकेक डाग हलक्या हाताने पुसायला लागलो.

बायकांनो, हसू नका. मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात कधी डागाची साडी धुतली असेल तर ना! हळदीला साबण लागला आणि डाग लालभडक झाला. मला वाटलं या एकाच कूपनाचं काहीतरी असेल. दुसरं घेतलं, तेही लाल. मग मी जास्त पावडर घेतली. आता शहाण्या माणसाने थांबावं की नाही? मी एकशे बाराच्या एकशे बारा पुसली. शेवटी टेबलावर नुसता कुंकवाचा सडा पडला होता. वाळल्यावर जाईल, असं स्वतःला समजावून मी ती गुरुवारी सकाळी तशीच क्लबात नेऊन दिली आणि घरी चकार शब्द काढला नाही.

क्लबाचा सेक्रेटरी हमदुल्ला. पेशावरचा, बँकेतून रिटायर झालेला, नोट उजेडात धरून बघायची सवय अजून न गेलेला माणूस. त्याने एक कूपन उजेडात धरलं, दुसरं धरलं, चष्मा काढला.

“गोपीनाथ भाई, एक सौ बारा वोट और सब पर एक ही लाल निशान? ये तो किसीने बैठकर बनाए हैं. खलास, मैं नहीं गिनूँगा.”

त्याचं चूक नव्हतं. आपण साबण लावला हे कबूल करायची मला लाज वाटली. मोजणी अशी झाली, की गेटच्या पेटीतून खैरुद्दीनची साफ मतं वीस, आणि शारजाच्या अर्सलानची एक्क्याऐंशी. हा अर्सलान म्हणजे केसांना जेल लावणारा, गाडीवर लाल ज्वाळा रंगवलेला छोकरा, पॉइंटांत एकविसावा. ज्वाळा छान होत्या, नाही म्हणत नाही.

घरी येऊन मी कुमुदला सगळं सांगितलं. तिने पळी खाली ठेवली. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की गॅसवरची आमटी उतू गेली. “अहो, आपल्या लग्नात हळद लागली तेव्हा साबणाने अंघोळ केली होतीत ना? आतला बनियन लाल झालेला मीच धुतला होता पहिल्या दिवशी.” हसून झाल्यावर तिचे डोळे भरले. झुबेदा आदल्याच दिवशी तिच्याकडे येऊन गेली होती, शर्यतीला कुठला दुपट्टा घेऊ म्हणून विचारायला.

त्याच दुपारी कुमुदने पिशवीत हळदीचा डबा, साबणाची वडी आणि एक पांढरा कागद घेतला आणि मला पुढे घालून क्लबात गेली. हमदुल्लाच्या टेबलावर कागद ठेवला, हळदीचं बोट ओढलं, वर ओला साबण फिरवला. कागद लाल झाला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, “बाकी का काम इस शाणे आदमी ने किया.” बावीस वर्षांच्या संसारात मला परक्या माणसासमोर कुणी असं म्हटलं नव्हतं. आणि मी मान डोलावली.

हमदुल्ला हसला, पण बँकेतला माणूस, हसून फसणारा नव्हे. डाग समजला, पण ही मतं एकशे बारा माणसांची आहेत की एका माणसाची, हे कसं समजणार, असं त्याचं म्हणणं. कुमुदने कूपन उलटून पेन्सिलीचा नंबर दाखवला. तेव्हा त्याने अट घातली. उद्या जुम्म्याची नमाज झाल्यावर तो गेटवर टेबल टाकून बसेल. ज्याचं मत, त्याने स्वतः आपला डबा घेऊन यायचं. डब्याचा नंबर आणि कूपनाचा नंबर जुळला तर मत धरायचं. अडीचला पेटी बंद, तीनला शर्यत.

एक्क्याऐंशीच्या वर जायला बासष्ट माणसं हवी होती. मी घरी येताना गाडीत म्हटलं, बासष्ट सोड, सहा आली तरी पेढे वाटीन. आठवड्यातून एक सुट्टी मिळते त्यांना. कपडे धुणं, केस कापणं, घरी फोन, आणि झोप. शुक्रवारची झोप सोडून कोण येतंय शेवटच्या नंबराच्या माणसासाठी? कुमुद म्हणाली, “तुम्ही आता काही पुसू नका, म्हणजे झालं.” संध्याकाळच्या डब्यांबरोबर निरोप गेला. खैरुद्दीनला कळलं तर तो उलट म्हणाला, “नको शेठ, झोपू दे त्यांना. झुबेदाला मी समजावतो.” पण गाडी मात्र त्याने धुऊन पुसून आणून गेटबाहेर उभी केली होती. आशा सुटत नाही माणसाची.

शुक्रवारी एक वाजून चाळीस मिनिटं. हमदुल्ला टेबलामागे, पुढ्यात लाल कूपनांचा गठ्ठा. मी, कुमुद आणि पर्णिका एका बाजूला. पलीकडे आमच्या पिकअपमध्ये झुबेदावहिनी हिरवा दुपट्टा घेऊन बसलेल्या. त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. गेटवर चिटपाखरू नाही.

दोनला पहिली पिकअप आली. मागे उभी राहून आलेली चौदा माणसं, आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचे शर्ट घालून, आणि प्रत्येकाच्या हातात डबा. मग टॅक्स्या आल्या. मग पोर्टवरचे मल्याळी चालत आले. रांग लागली. हमदुल्ला नंबर वाचायचा, कूपन शोधायचा, उजेडात धरायचा आणि पर्णिका रेघ मारायची. एकजण नुसतं झाकण घेऊन आला होता, डब्यात पार्टनर जेवत होता म्हणे. झाकणावरचा नंबर जुळला, मत धरलं. सव्वादोनला एकेचाळीस झाले आणि रांग संपली.

पाच मिनिटं कुणी आलं नाही. दहा मिनिटं गेली. मला माझं सगळं खरं ठरल्यासारखं वाटायला हवं होतं. मला इतकं वाईट वाटत होतं की काय सांगू. मी, मी गोपीनाथ, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि डोळ्यांवर हात धरून बघायला लागलो.

अडीचला चार मिनिटं कमी असताना कॅम्पाची जुनी पिवळी बस आली. खिडक्या-खिडक्यांतून डबे बाहेर, आणि वर ताल. ड्रायव्हर चितगावचा, अख्तर म्हणून. उतरल्या-उतरल्या त्याने आपला डबा टेबलावर ठेवला. हमदुल्लाने त्याला विचारलं, हा माणूस कधी जिंकत नाही, मग त्याला मत कशाला? अख्तर म्हणाला, “साब, फुजैरा के रास्ते में मेरी बस बंद हुई थी, चालीस आदमी, ऊपर धूप. सब गाड़ियाँ हॉर्न देके गईं. ये रुका. जो जीता वो तो आगे चला गया ना साब, हमको क्या मिला?”

हमदुल्लाने कूपन उजेडात धरलं नाही. तसंच बाजूला ठेवलं. अडीच वाजून गेले तरी पेटी बंद केली नाही, हेही मी पाहिलं. लाल मतं भरली सत्त्याण्णव. पर्णिका ओरडली, “बाबा, ही इज इन!” मी तिला मराठीत बोल म्हटलं नाही. अर्सलान स्वतः खैरुद्दीनच्या गाडीपाशी गेला, टायरवर पाय मारून बघितला आणि म्हणाला, “यल्ला चाचा, चलो, आज रुकना मत.”

शर्यत सुरू झाली. वीस गाड्यांची धूळ, आणि पिकअपच्या टपावर मी, मागच्या हौद्यात कुमुद, पर्णिका आणि वहिनी. चौतीस नंबर पहिल्याच फेरीला विसावरून सोळावर, चौथ्या फेरीला बारावर. सातव्या फेरीला आमची गाडी आठवी होती. आठवी! शंभरेक डबे, चमचे, झाकणं एकदम वाजत होती. मल्याळी, बंगाली, पठाण, सगळे एकाच नावाने ओरडत होते, ‘खैरू, खैरू’. झुबेदावहिनींनी दुपट्टा तोंडावर धरला होता. कुमुदच्या कानात काही बोलल्या, ते तिने मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, “फोनवर सांगायचे तेव्हा वाटायचं, परदेशात एकटा माणूस, मन रमवायला काहीतरी सांगतोय. हे तर खरंच निघालं.”

आणि नवव्या फेरीला पलीकडच्या वळणावर एका टॅक्सीवाल्याची निळी गाडी मऊ वाळूत रुतली.

मी टपावर उभा राहून घसा फाडून ओरडलो, जा रे बाबा, आजच्या दिवस जा. ब्रेकचे लाल दिवे लागले. दार उघडलं. डिकी उघडली. दोरखंड निघाला. एकेक करून सगळ्या गाड्या बाजूने गेल्या. मी डोकं धरून खाली बसलो. गंमत म्हणजे डबे वाजायचे थांबले नव्हते, उलट दुप्पट वाजत होते.

झुबेदावहिनी त्या उभ्या गाडीकडे बघत होत्या. मी टपावरून खाली वाकलो. ओशाळून म्हटलं, “वहिनी, त्याचं हे असंच आहे, वाईट वाटून घेऊ नका.”

“मला माहीत नाही होय?” त्या म्हणाल्या. “आमच्या लग्नाच्या दिवशी निकाह लागला, मला घेऊन गाडी निघाली, तर वाटेत कुणाची रिक्षा बंद पडलेली. नवरदेव उतरले. वरात दीड तास रस्त्यावर. शेरवानीच्या बाह्या ग्रीसने काळ्या करून आले आणि माझ्या शेजारी बसले. तोवर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. काय बोलायचं तेच कळेना, म्हणून मी विचारलं, रिक्षावाला पोचला का?”

निळी गाडी निघाली, पळाली, आणि उरलेल्या पंधरा फेऱ्यांत एकेका गाडीला मागे टाकत गेली. तिच्यामागून आमची. सगळ्यांच्या शेवटी, कप मिळालेल्या माणसाला शोभेल अशा सावकाशीने चौतीस नंबरने रेघ ओलांडली. हमदुल्लाने निशाण दोनदा हलवलं.

खैरुद्दीन आमच्याकडे चालत आला. कोपरापर्यंत काळा, पापण्यांवर मीठ. मागे दीडशे माणसं त्याचं नाव घेत होती आणि हा मान खाली घालून बायकोसमोर उभा राहिला, परीक्षेत गटांगळी खाल्लेल्या पोरासारखा. “शेवटचा आलो,” म्हणाला.

वहिनी पिकअपमधून उतरल्या. हिरव्या दुपट्ट्याच्या टोकाने त्याच्या पापण्यांवरचं मीठ पुसलं. दुपट्टा नवा होता.

“तो पोचला का?” त्यांनी विचारलं.

खैरुद्दीनने मान वर केली. आधी त्याला कळलं नाही, मग कळलं आणि सगळा चेहरा फुलला.

“पोचला,” तो म्हणाला. “सातवा आला.”